अर्जाची पोच

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला आमच्या गावात पहिले पंधरा दिवस चहा विकत घ्यावा लागत नाही. जो तो घरी बोलावतो, बशीत भजी ठेवतो आणि विचारतो, "हं, काय काय पाहिलंत?" मी सगळं सांगून पाहिलं. नायगारा पाहिला, पाणी खूप आहे आणि ते वरून खाली पडतं. न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवर चढलो. वरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात हे खरं आहे. पण समोरच्याने हे सगळं कॅलेंडरवर आधीच पाहिलेलं असतं, त्यामुळे भजी संपली की तो घड्याळाकडे बघू लागतो.

म्हणून जे कॅलेंडरवर येत नाही ते लिहून ठेवतो आहे. ही एका अर्जाची हकीकत आहे. चौतीस वर्षं मामलेदार कचेरीत घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला साता समुद्रापार जाऊनही अर्जच दिसावा, याला आमची ही 'जित्याची खोड' म्हणते. म्हणीचा उरलेला भाग ती मोठ्या मनाने गाळते.

पिस्कॅटवे

आमची मुलगी मृणाल आणि जावई श्रीकांत न्यू जर्सीत पिस्कॅटवे या गावी राहतात. गावाजवळ मोठं विद्यापीठ आहे, त्यामुळे त्यांच्या अपार्टमेंटच्या आवारात जगभरचे विद्यार्थी. आम्ही दोघं शहाऐंशीच्या मे महिन्यात गेलो ते ऑगस्टअखेर परतलो. सकाळी आठला लेक-जावई आपापल्या गाड्यांतून निघून जात आणि मग संध्याकाळपर्यंत त्या घरात आम्ही दोघं, एक टीव्ही आणि खिडकीबाहेर खारी. खारी तिथे चांगल्या मांजरीएवढ्या असतात. पहिल्या आठवड्यात त्यांचं कौतुक वाटलं, दुसऱ्या आठवड्यात मी टपालाची वाट बघायला लागलो.

अशाच एका दुपारी मी टपालपेटी बघायला खाली उतरलो. अंगात बंडी, खाली लेंगा. परत येऊन बघतो तर दार बंद. तिथली दारं आपोआप लागतात, हे मला मृणालने तीनदा सांगितलं होतं. आत ही झोपलेली. हिला दुपारची झोप लागली की दारात ढोल वाजवला तरी जाग येत नाही. मी बेल वाजवली, दार ठोठावलं, शेवटी नावाने हाकही मारली, जी लग्नानंतर चारचौघांत कधी मारली नव्हती. हिला जाग आली नाही, पण समोरचं दार उघडलं.

दारात तिशीचा एक तरुण उभा होता. काळी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात पेन्सिल. माझ्या लेंग्याकडे त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कम इन, अम्मी."

मी मागे वळून पाहिलं. कोणी बाई उभी असेल असं वाटलं. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, त्याच्या भाषेत 'अम्मी' म्हणजे 'माझे काका'. पुढे तीन महिने तो मला अम्मीच म्हणत असे आणि प्रत्येक वेळी आमच्या हिला हसू आवरत नसे.

त्याचं नाव मी इथे युसूफ ठेवतो. खरं नाव वेगळं आहे. त्याच्या देशाचंही नाव लिहीत नाही. त्यानेच तशी विनंती केली आहे आणि कारण पुढे कळेलच. वाळवंट आहे, वाळूखाली तेल आहे, बोली अरबी आहे, एवढं पुरे. तो पाणीपुरवठ्याच्या शास्त्रात पीएचडी करत होता, सरकारी शिष्यवृत्तीवर.

त्याने कॉफी दिली. वेलदोड्याची, कडू, बिनदूध-साखरेची, बिनकानाच्या इवल्याशा पेल्यात. सोबत खजूर. मी पेला संपवून 'थँक यू' म्हणालो, त्याने पुन्हा भरला. पुन्हा 'थँक यू', पुन्हा भरला. आपल्याकडे यजमानाला नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी पीत राहिलो. सातव्या पेल्याला माझी छाती धडधडायला लागली तेव्हा त्याला दया आली. त्याच्याकडे पुरे झालं हे तोंडाने सांगत नाहीत, रिकामा पेला हातात डावी-उजवीकडे हलवायचा. एवढी साधी गोष्ट कळायला मला सात पेले लागले.

मी काय काम करायचो ते त्याने विचारलं. मी सांगितलं, लोकांचे अर्ज घ्यायचो. इंग्रजीत शब्द शोधत होतो, पण तोंडून 'अर्ज'च निघाला. युसूफ ताठ बसला. "अरीदा?" त्याने कागदी रुमालावर पेन्सिलीने उजवीकडून डावीकडे एक शब्द लिहिला. लांबट, मध्ये दोन टिंबं खाली, एक वर, शेवटी गाठ. म्हणाला, तुमचा शब्द आणि हा, दोन्हींचं मूळ एकच. मग आमची जुगलबंदीच लागली. मी हुकूम म्हटलं, तो हुक्म म्हणाला. हक्क, जुलूम, कायदा, कैद, मालक, हिशेब. आमच्या कचेरीचं निम्मं दफ्तर त्याच्या वाळवंटातून आलेलं होतं. त्या रुमालाची घडी मी बंडीच्या खिशात घातली आणि ती अजून माझ्याकडे आहे.

एडिसन आणि टीव्हीवरचा झेंडा

शनिवारी आम्ही एडिसनला ओक ट्री रोडवर जात असू. तिथे नुकतीच चार-दोन देशी दुकानं उघडली होती. कढीपत्त्याची जुडी बघून हिच्या डोळ्यांत पाणी आलं. येताना श्रीकांत पेट्रोल भरून घेई. न्यू जर्सीत पेट्रोल आपल्या हाताने भरायचं नसतं, पंपावरचा माणूसच भरतो. एवढी एक गोष्ट आपल्यासारखी आहे म्हणून मला तो पंप आवडायचा. त्या उन्हाळ्यात पेट्रोल उतरलं होतं आणि जावईबुवा खूश होते.

अशाच एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर कुठल्याशा राजधानीत जमाव अमेरिकेचा झेंडा जाळताना दाखवला. श्रीकांत म्हणाला, "हे लोक ग्रेटफुलच नसतात यार. ऑइल विकून एवढा पैसा मिळतो, मुलं शिकायला इथे पाठवतात, आणि शिव्या कोणाला तर अमेरिकेला." मला ते पटल्यासारखं वाटलं. पण कचेरीची सवय अशी की एका बाजूचं ऐकून शेरा मारायचा नाही. सोमवारी मी समोरच्या दाराशी गेलो आणि युसूफला सरळ विचारलं.

त्याने आधी कॉफी केली. मग सांगितलं ते असं.

त्याचे वडील एका लहान शहरात शाळेचे मुख्याध्यापक. त्या शहरात पूर्वी एक नगरसभा होती, लोक निवडून देत. तेल लागल्यावर वरून हुकूम आला आणि ती बंद झाली. वडिलांनी एक अरीदा लिहिली, नगरसभा पुन्हा भरू द्यावी म्हणून. चौदा सह्या, पहिली त्यांची. त्यांनी ती स्वतः नेऊन दिली. तिथे त्यांना चहा पाजला, कागद ठेवून घेतला. चौथ्या दिवशी शाळेच्या आवारातून त्यांना गाडीत घालून नेलं, पाठोपाठ सही करणाऱ्या बाकीच्यांनाही. त्याला आठ महिने झाले होते. युसूफची आई कचेऱ्या पालथ्या घालत होती आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: या नावाचा माणूस आमच्याकडे नाही.

मी थक्क झालो. अर्ज केल्याबद्दल आमच्याकडे एकच शिक्षा असते, वाट बघण्याची. अर्जासाठी तुरुंग मी ऐकला नव्हता.

"मग सरकारवर राग काढायचा सोडून झेंडा अमेरिकेचा का?" मी विचारलं.

"कारण त्याला परवानगी आहे," युसूफ म्हणाला.

सरकारविरुद्ध तोंडातून शब्द काढला तर माणूस नाहीसा होतो. अमेरिकेविरुद्ध मोर्चा काढला तर पोलीस शेजारून चालतात, उन्हात पाणीही देतात. राज्यकर्त्यांना ते सोयीचं असतं. पण हे अर्धंच कारण, असं तो लगेच म्हणाला. दुसरं अर्धं खरं आहे. वडिलांना नेलं ती गाडी पश्चिमेची. शिपायाच्या हातातला वायरलेस पश्चिमेचा. दर वर्षी इकडून कोणी मोठा पाहुणा जातो, राजाशी हात मिळवतो, आणि तो फोटो शाळेपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे लावतात. "माझ्या आईला अमेरिका माहीत नाही, अम्मी. तिला तो फोटो माहीत आहे."

मला एक शंका आली म्हणून विचारलं, तुमच्याकडे शेतसारा किती? तो म्हणाला, सारा नाही, कोणताच कर नाही, उलट सरकारच लोकांना देतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या खिडकीवर तीन रुपये सारा भरणारा शेतकरी सुद्धा माझ्यावर ओरडायचा, "सारा भरतो मी, फुकट उभा नाही इथं." मी मनात चिडायचो, पण त्याचं ऐकून घ्यावं लागायचं. ज्या पोराला परसात गुप्तधन सापडलं तो घरात कोणाला विचारून वागेल? युसूफच्या सरकारला रयतेकडून काही नकोच होतं, मग रयतेचा कागद कशाला हवा. हे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं तर त्याने वहीत लिहून घेतलं. पीएचडी करणाऱ्या माणसाने माझं वाक्य लिहून घ्यावं याचा मला झालेला आनंद मी हिला दोनदा सांगितला.

टाउनशिपची सभा

जुलैत मृणालच्या आवारासमोरची मेपलची झाडं रस्तारुंदीसाठी तोडायची असं निघालं. त्याविरुद्ध बोलायला लोक टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, सभेला जाणार होते, मृणालही. मी युसूफला बरोबर घेतलं.

शाळेच्या हॉलसारखी जागा. पुढे मेयर आणि पाच-सहा जण टेबलाशी. एक बाई हाफ पँट घालून माइकशी आली आणि तिने मेयरला असं झापलं की मी खुर्चीत आक्रसून बसलो. गेल्या वर्षी दिलेला शब्द, बुजलेलं गटार, सगळं काढलं. तिची तीन मिनिटं संपली तेव्हा मेयर म्हणाला, थँक यू, आणि बाई पर्समधून च्युइंगम काढत जागेवर जाऊन बसली. तोवर तिच्यामागे आणखी सहा जण उभे होते.

परत येताना गाडीत युसूफ म्हणाला, "ती बाई आता घरी जाईल, जेवेल, उद्या कामाला जाईल. हे लोक आम्हाला सगळं विकतात, अम्मी. विमानं विकतात, रस्ते विकतात, थंड हवा विकतात. हा माइक मात्र विकत नाहीत. हा आपल्यापुरता ठेवतात. त्यांना याची किंमत माहीत नसती तर मला राग आला नसता."

गाडी चालवता चालवता मृणालने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. बाहेर हिरवळीवर काजवे चमकत होते. न्यू जर्सीत एवढे काजवे असतील असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, तू अर्ज कर. तिथे प्रत्येक भागाचा एक खासदार असतो आणि त्याची जवळच्याच गावात कचेरी असते, हे मी मृणालकडून काढून घेतलं होतं. आमच्या सरकारशी हात मिळवता तर माझा बाप कुठे आहे ते विचारा, एवढंच लिही. युसूफ म्हणाला, ज्यांनी तो फोटो काढून घेतला त्यांच्या दारात मी मेहेरबानी मागू?

"अर्ज मेहेरबानीसाठी नसतो," मी म्हणालो. "अर्ज आवक नंबरासाठी असतो."

हे समजावून सांगावं लागलं. कचेरीत कागद आला की आवक रजिस्टरला त्याची नोंद होते, तारीख पडते, नंबर पडतो, आणि अर्जदाराला पोच मिळते. काम होईल न होईल. पण त्यानंतर तो कागद आलाच नाही असं कोणी म्हणू शकत नाही. तुझे वडील हरवले आहेत कारण त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. कुठेतरी, कोणाच्या तरी रजिस्टरला ते चढू दे.

आय बेग टू स्टेट

युसूफने दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, तुम्ही मसुदा करा. मला मूठभर मांस चढलं. मृणालच्या टेबलाशी बसून मी चौतीस वर्षांचं कौशल्य पणाला लावलं. मराठीत असता तर 'कारणे विनंती अर्ज ऐसाजे' अशी सुरुवात केली असती. इंग्रजीत आमच्या साहेबांनी शिकवलेली केली: 'मोस्ट हंबली अँड रिस्पेक्टफुली आय बेग टू स्टेट'. कागद त्याच्या हातात दिला.

त्याने पहिली ओळ वाचली. चेहरा उतरला, मग तापला. "बेग?" तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी स्वतःच्या राजाकडे भीक मागितली नाही. मी यांच्याकडे मागू?" कागद टेबलावर ठेवून तो निघून गेला. तीन दिवस समोरचं दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मृणालला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "बाबा, इथे कोणी बेग करत नाही. रस्त्यावरचा भिकारीसुद्धा बेग करत नाही, तो चेंज मागतो." श्रीकांतचं म्हणणं वेगळं होतं. "बाबा, तुम्ही प्लीज यात इन्व्हॉल्व्ह होऊ नका. त्याची स्कॉलरशिप कॅन्सल झाली तर? त्याला घरीच जाता आलं नाही तर?" त्याचं चूक नव्हतं. मी जन्मात कधी कोणाला सल्ला देऊन अडचणीत आणलं नव्हतं, आणि आता परक्या देशात हे करून बसलो होतो.

आमची ही शंकरपाळे तळत होती. तिने झारा खाली ठेवला आणि विचारलं, "त्याला मास्तरीणबाईंचं सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं.

"दुसऱ्याला धीट हो म्हणताना आपण कुठे भ्यालो ते आधी सांगावं," ती म्हणाली आणि शंकरपाळ्यांचा डबा माझ्या हातात दिला.

ते मी इथेही सांगतो, कारण गावातल्या लोकांनाही ते माहीत नाही. आणीबाणीत आमच्या तालुक्यातल्या एका मास्तरांना उचललं होतं. त्यांची बायको माझ्या खिडकीशी अर्ज घेऊन आली: माझे पती कुठे ठेवले आहेत ते कळावे. मला साहेबांचा तोंडी हुकूम होता, असे कागद आवक करायचे नाहीत. मी म्हणालो, साहेब दौऱ्यावर आहेत. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घेऊ नका. पण वाचा तरी." मी वाचला नाही. हातात धरला असता तर घ्यावा लागला असता, म्हणून खाली बघून दुसरं काही लिहीत बसलो. मास्तर पुढे सुटून आले, सगळेच आले. पण मास्तरीणबाई त्यानंतर रस्त्यात दिसल्या की मी बाजू बदलायचो. आमच्याकडे तर तेलही निघालेलं नव्हतं.

समोरच्या दाराशी उभं राहून मी हे सगळं युसूफला सांगितलं. आत या म्हणायची वाट पाहिली नाही. इंग्रजी चुकत होतं. त्याने सगळं ऐकलं. मग त्याने कपाटातून एक दुमडलेला कागद काढला. वडिलांच्या अरीदेची नक्कल. कोणीतरी बुटात लपवून ती त्याच्यापर्यंत आणली होती.

"वाचू?" त्याने विचारलं.

एकेक ओळ आधी अरबीत, मग इंग्रजीत. दोन पानं. विषय पहिल्याच वाक्यात. मागणी एकच आणि स्पष्ट. आधीचा कायदा काय होता, त्याचा दाखला. कोणावर आरोप नाही, कोणाची खुशामत नाही. शेवटी, उत्तराची वाट पाहतो. मी हजारो अर्ज वाचले आहेत, त्यांत असे दहा निघतील. मी त्याला म्हणालो, माझ्या टेबलावर आला असता तर पहिल्या वाचनात आवक केला असता. युसूफने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

मग त्याने स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला. सात ओळी. सुरुवात अशी: माझे वडील कुठे आहेत, हे मला विचारायचं आहे. शिष्यवृत्तीचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पहिली सही त्यांची होती. तिच्याखाली जागा आहे."

खासदाराची कचेरी एका दुकानांच्या रांगेत होती, शेजारी केशकर्तनालय. आत साखळीचा चष्मा लावलेली एक वयस्क बाई. तिने सातही ओळी वाचल्या. आमच्यादेखत वाचल्या, हे मी मुद्दाम लिहितो. वडिलांचं नाव तिने चुकीचं म्हटलं, मग थांबली, कसं म्हणायचं ते विचारलं, पुन्हा म्हणून पाहिलं आणि नावावर पेन्सिलीने उच्चार लिहून ठेवला. मग शिक्का उचलला. तो आवाज! तो जगात सगळीकडे सारखाच असतो. मला एकदम माझ्या टेबलाची, शाईच्या पॅडची आठवण झाली. मी पुढे होऊन म्हणालो, मॅडम, नकलेवरही एक. तिला कळेना, पण तिने मारला. तारखेसकट.

बाहेर येऊन युसूफ फुटपाथवर उभा राहिला. इतक्या महिन्यांत सरकारी कागदावर वडिलांचं नाव तो पहिल्यांदाच बघत होता. मी त्याला म्हणालो, आमच्या भाषेत याला पोच म्हणतात. आणि माणसाला कसं वागावं ते कळतं, त्यालाही पोच म्हणतात. तो म्हणाला, "माझा राग गेलेला नाही, अम्मी."

"जाऊ नकोच देऊ," मी म्हणालो.

"पण ही बाई आणि तो फोटो एकाच देशातले आहेत," तो म्हणाला. "हे मला आईला कसं लिहावं कळत नाही."

निरोपाच्या दिवशी त्याने कॉफी दिली. तिसऱ्या पेल्यानंतर मी पेला डावी-उजवीकडे हलवला. तो इतका हसला की शेवटी त्याला बसावं लागलं.

परत गावी

नोव्हेंबरात त्याचं पहिलं पत्र आलं. खासदाराच्या कचेरीने त्याच्या देशाच्या वकिलातीला विचारलं होतं, दोनदा. दुसऱ्यांदा उत्तर आलं: सदर इसम आमच्या ताब्यात असून प्रकृती ठीक आहे. एकच ओळ. पण वर्षभर 'असा माणूसच नाही' म्हणणाऱ्यांनी तो आहे असं सहीनिशी लिहून दिलं होतं. आईला महिन्यातून एक भेट मिळाली. शिष्यवृत्ती बंद झाली होती, श्रीकांत म्हणाला होता तसंच; पण विद्यापीठाने त्याला पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्याचं काम दिलं होतं आणि आपला आवाज वर्गात वडिलांसारखा निघतो असं त्याने कळवलं होतं. श्रीकांतने त्याला आपली जुनी गाडी वापरायला दिली, हे मात्र मला मृणालच्या पत्रातून कळलं.

यंदा मार्चमध्ये दुसरं पाकीट आलं. वडील घरी आले आहेत. बाकीच्या तेरा जणांपैकी नऊ आले, चौघांची वाट बघणं चालू आहे. सोबत एक वेगळा कागद होता, अरबीत तीन ओळी, वळणदार, मास्तरी अक्षर. युसूफने त्याचं भाषांतर दिलं नव्हतं. मी कपाटातून कागदी रुमाल काढला, उलगडला, शेजारी ठेवला आणि एकेक शब्द ताडून बघत गेलो. दुसऱ्या ओळीत सापडला. लांबट, खाली दोन टिंबं, वर एक, शेवटी गाठ. बाकीचं मला वाचता आलं नाही आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी बाजू न बदलता मास्तरीणबाईंच्या घरी गेलो. मास्तर चार वर्षांपूर्वी वारले. त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि सूप बाजूला ठेवलं. मी म्हणालो, तुमचा एक अर्ज माझ्याकडे यायचा राहिला आहे. माझ्याकडे आता खिडकी नाही, रजिस्टर नाही. पण तो असेल तर मला वाचायचा आहे.

मला वाटलं, हाकलून देतील. त्या आत गेल्या, ट्रंकेचं झाकण वाजलं, आणि पिवळा पडलेला कागद घेऊन बाहेर आल्या. मी ओसरीच्या पायरीवर बसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. सरळ, स्वच्छ अर्ज होता. विषय पहिल्याच वाक्यात.

"चांगला लिहिला आहे," मी म्हणालो.

"अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "वाचलात ना? मग पोच द्या."

मी खिशातलं पेन काढलं. अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'मिळाला'. खाली सही केली, आजची तारीख घातली, आणि कागद दोन्ही हातांनी त्यांना परत दिला.